स्क्रीनवर आलेलं घरचं बोलणं

कॉलेजसाठी मी नगरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं की आपण तोंड उघडलं की आपलं गाव बाहेर पडतं. वर्गात हजेरी चालली होती. माझं नाव आल्यावर मी म्हणाले, "हाय सर." मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच म्हणालं, "हॅलो!" सगळा वर्ग हसला. मला विनोद कळायलाच थोडा वेळ लागला. आमच्याकडे, शेवगावच्या पुढे, 'आहे' असं फक्त मास्तर म्हणायचे, आणि तेही धडा वाचताना.

त्या दिवसापासून मी बोलणं सुधारायला घेतलं. आडनाव बदलता येत नव्हतं. ते ऐकल्यावर समोरच्याचा पुढचा प्रश्न बदलायचा, किंवा यायचाच नाही. बोलणं मात्र बदलता येत होतं. रेडिओवरच्या बातम्या ऐकून मी खोलीत एकटी असताना 'पाणी, आणि, कोण' असं म्हणत राहायचे. 'ण' जिभेवर बसायला फार दिवस लागले. पदवी हातात पडली तोवर मी कुठली ते आडनाव ऐकेपर्यंत कुणाला कळत नव्हतं. याचा मला अभिमान होता.

नोकरी संगमनेरला लागली. नाशिक-पुणे रस्त्यावर एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम लिहायचो. मालक पूर्वी कॉलेजात शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणत. माणूस भला होता. भाषेच्या बाबतीत मात्र फार काटेकोर. प्रोग्राममध्ये वापरणाऱ्याची काही चूक झाली की स्क्रीनवर जी वाक्यं यायची, ती त्यांनी स्वतः लिहिली होती. 'अवैध प्रविष्टी. कृपया पुनश्च प्रयत्न करावा.' अशी.

ऑफिसात माझ्याबरोबर पुण्याचा एक मुलगा होता. त्याने मित्राकडून फ्लॉपीवर एक नवा एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं साधन, आणला होता. आम्ही प्रोग्राम लिहायचो तो सरळ कागदासारखा वरून खाली. या एडिटरमध्ये तो झाडासारखा दिसायचा. मथळे, त्यांच्या पोटात आणखी मथळे. हवा तो उघडायचा, नको तो मिटून ठेवायचा. त्यातली खरी गंमत वेगळीच होती. एकच मथळा वेगवेगळ्या फाइलींमध्ये ठेवता यायचा. ती नक्कल नसायची. एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे आपोआप बदल. असा मथळा ओळखू यावा म्हणून त्याच्या शेजारी छोटा लाल बाण दिसायचा.

आम्ही त्यांना आधी 'जुळी' म्हणायला लागलो. सर म्हणाले, "जुळी कशी? जुळी म्हणजे दोन. ही एकच बाई आहे. सासरीही तीच आणि माहेरीही तीच. तिकडे आजारी पडली तर इकडेही आजारीच असणार."

सगळे हसलो. पण काम सोपं झालं होतं. चुकांच्या सगळ्या सूचना आम्ही एका मथळ्याखाली ठेवल्या. दूध घ्यायचा प्रोग्राम, पावती छापायचा, रोजचा गोषवारा काढायचा, सगळ्या फाइलींमध्ये तोच मथळा लाल बाण घेऊन बसला.

पुढे सरांनी मला प्रवरेकाठच्या एका गावात पाठवलं. तिथल्या केंद्रावर आमचा प्रोग्राम पहिल्यांदा बसवायचा होता. केंद्र ज्यांच्या नावावर होतं ते गृहस्थ दिवसभर बाहेर असायचे. सगळं त्यांची बायको बघायची. गावात सगळे तिला वहिनी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. दुधाचं माप, फॅट काढायचं यंत्र, रांगेतली भांडणं, सगळं वहिनी एकटीने सांभाळायच्या. कॉम्प्युटरला मात्र घाबरायच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी फॅटचा आकडा टाकायच्या आधी पुढची कळ दाबली. कॉम्प्युटर पीं करून ओरडला आणि स्क्रीनवर सरांचं वाक्य आलं. वहिनींनी एकेक अक्षर लावत ते वाचलं आणि हात मागे घेतला.

"मॅडम, हे मला शिव्या देतंय का?"

"नाही हो. चुकीची माहिती आहे, परत भरा म्हणतंय."

"मग तसं म्हनावं की. हे काय आवैध-बिवैध? आमच्यात वाईट आर्थ हाय त्याचा."

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वहिनींनी त्या सकाळी परत कीबोर्डला हात लावला नाही. दूध मी घेतलं.

दुपारी केंद्र रिकामं असायचं. मी एडिटर उघडला आणि सूचनांचा मथळा वहिनींच्या केंद्रासाठी वेगळा करून घेतला. म्हणजे मला तसं वाटलं. मथळ्याची नक्कल केली, नव्या जागी चिकटवली, आणि त्याच्याजवळचा लाल बाण गेलाय हे नीट पाहिलं. मग आत लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिताना मी बरंच थांबले असेन. नंतर मात्र हात थांबेना. इतकी वर्षं तोंडात दाबून ठेवलेलं सगळं बोटांतून बाहेर आलं.

'आवं, थांबा की! फॅट न्हाई टाकलं.'

'ह्यो नंबर कुनाचाच न्हाई. नीट बगून टाका.'

आणि कुणी चुकून फार मोठा आकडा भरला तर: 'आसं कसं? एवढं दूद एका म्हशीनं दिलं व्हय?'

हे वहिनींचं बोलणं नव्हतं. त्यांचं वळण जरा वेगळं होतं. हे माझ्या आईचं होतं. एवढंच नव्हे, लिहिताना मला कानात तिचा आवाजच ऐकू येत होता, भाकरी थापता थापता कुणालातरी दारातून हाका मारतानाचा.

संध्याकाळी वहिनींनी मुद्दाम चूक केली आणि वाचलं. मग परत चूक केली. रांगेतल्या बायकांना बोलावून दाखवलं. "आगं बया, हे तर आपल्यातलं निघालं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही. मी फ्लॉपी घेऊन संगमनेरला परतले आणि ती सरांच्या हवाली केली.

काही दिवसांनी दूध संघाच्या सभागृहात आमच्या प्रोग्रामचं प्रात्यक्षिक ठरलं. संचालक मंडळी, केंद्रांचे सचिव, तालुक्यातले दोन-चार अधिकारी. मोठा मॉनिटर टेबलावर ठेवला होता आणि मागच्यांना दिसेना म्हणून लोक खुर्च्या पुढे ओढत होते. सर छान बोलत होते. मी बाजूला उभी होते, इस्त्रीची साडी नेसून.

"आता समजा, भरणाऱ्याची चूक झाली," सर म्हणाले, "तर आपला प्रोग्राम ती ताबडतोब लक्षात आणून देतो. पाहा." त्यांनी मुद्दाम भलामोठा आकडा भरला आणि स्क्रीनकडे न बघता लोकांकडे बघत राहिले.

पुढच्या रांगेतल्या एका संचालकांनी चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचलं, "आसं कसं? एवढं दूद एका म्हशीनं दिलं व्हय?"

सभागृह फुटलं. लोक मांड्यांवर हात मारून हसत होते. मागचे विचारत होते काय झालं, पुढचे त्यांना वाचून दाखवत होते, आणि वाचताना जरा जास्तच ओढून म्हणत होते, 'व्हऽऽय'. सरांनी वळून स्क्रीन पाहिली. घाईने दुसरी कळ दाबली तर तिथे 'आवं, थांबा की!' आलं. पुन्हा हशा.

काय झालं होतं ते मला उभ्या उभ्या कळलं. मी वरच्या मथळ्याचा बाण गेलेला पाहिला होता. पण त्याच्या पोटात मिटून ठेवलेले जे छोटे मथळे होते, त्यांचे बाण तसेच होते. घर वेगळं काढलं, आतली माणसं मात्र तीच राहिली. मी केंद्रावर लिहिलेलं प्रत्येक वाक्य सगळ्या फाइलींमध्ये गेलं होतं. आणि ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण तपासताना आम्ही कुणी चुकीचे आकडे भरतच नव्हतो.

"हे कोणी लिहिलं?" सरांनी हळू आवाजात विचारलं. पण तेवढ्यात हसू ओसरलं होतं आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी, सर."

"तू?" त्यांचा राग मला चालला असता. त्यांना राग आलाच नाही. त्यांना खरंखुरं आश्चर्य वाटलं. "अगं, पण तू तर किती स्वच्छ बोलतेस. घरी असं बोलता तुम्ही?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. अंगावरची साडी कुणीतरी सभेत ओढून काढावी आणि आतलं ठिगळ लावलेलं परकर-पोलकं दिसावं, तसं काहीतरी. चूक केल्याची लाज वेगळी. ती दोन दिवसांत उतरते. ही दुसरी होती.

"हो," मी म्हणाले.

ते संचालक मात्र खूश होते. म्हणाले, "सर, हे राहू द्या. आमच्या गड्यांना हेच कळेल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमचा प्रोग्राम त्यांनी घेतला. परतताना जीपमध्ये सर आनंदात होते. दोन्ही सूचना ठेवू म्हणाले, ज्याला जी हवी ती त्याने निवडावी. "आणि हे तूच लिही सगळं. तुला येतं."

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः एडिटर उघडून दोन मथळे केले. एकाला नाव दिलं 'सूचना, शुद्ध'. दुसऱ्याला 'सूचना, गावठी'.

पुढचे दिवस माझं काम हेच होतं. कुठला मथळा सगळीकडे एकच राहायला हवा आणि कुठला खरोखर वेगळा काढायला हवा, हे एकेक उघडून ठरवायचं. आता मी पोटातले बाणही तपासत होते. आकड्यांची तपासणी सगळ्यांना सारखीच, ती एकच ठेवली. पावतीवरचा मजकूर वेगळा काढला, कारण कागदावर जागा कमी. काम बारीक होतं आणि मला ते येत होतं. पण 'सूचना, गावठी' हा मथळा सगळ्या फाइलींमध्ये एकच होता. कुठलीही फाइल उघडा, कुठल्याही फांदीवर जा, तो शब्द लाल बाण घेऊन समोर यायचाच. एका जागी खोडला असता तर सगळीकडून गेला असता. माझी हिंमत झाली नाही. नाव सरांनी दिलं होतं.

ऑफिसात तो एक खेळच होऊन बसला. पुण्याचा मुलगा सकाळी मला बघून म्हणायचा, "आलीस व्हय?" चहा आला की, "आवं, थांबा की!" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला ती भाषा आवडली होती, जशी परगावची एखादी मिठाई आवडते. मी हसायचे. उत्तर मात्र नेहमी शुद्ध द्यायचे, पूर्वीपेक्षा जास्तच शुद्ध. वहिनींचा एकदा फोन आला. दुसऱ्या केंद्रावरच्या बायका प्रोग्राम बघायला आल्या होत्या, सगळ्यांना फार आवडला, हे सांगायला त्यांनी मुद्दाम फोन केला होता. मी "आभारी आहे" म्हणाले. वहिनींनी पुढचं सांगणं आवरतं घेतलं. मग "बरं मॅडम, ठेवते," म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात आई अकोल्याकडे मामाच्या मुलीच्या लग्नाला गेली होती. आमच्या जिल्ह्यातलं अकोले, संगमनेरवरूनच रस्ता. परतताना ती न कळवता माझ्या ऑफिसात आली. आई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. मुलांना गोळा करून आणायची, खाऊ शिजवायची. ऑफिस कसलं असतं ते तिने पाहिलेलं नव्हतं. टायरवाल्याला विचारत विचारत ती जिना चढून वर आली. मी आतल्या खोलीत होते. मला तिचा आवाज ऐकू आला.

"हितं हाय का माजी पोर?"

बाहेर पुण्याचा मुलगा होता. तो उठून "या, या, आत या ना," म्हणाला. चांगलंच बोलला. आई दारातच अडली, कारण आत फरशी पुसलेली होती.

"आवं, थांबा की! चपला तर काडू द्या."

मग तो मुलगा ओरडला, "अरे बाप रे! ही तर आपली स्क्रीन बोलतेय!" आणि हसत सुटला. टायपिंग करणारी मुलगी हसली. सर केबिनमधून बाहेर आले, त्यांना कळलं काय झालं ते, आणि त्यांनाही हसू आवरेना. मी आतून बाहेर आले तेव्हा आई एक चप्पल हातात घेऊन उभी होती. सगळे हसताना बघून तीही हसत होती. आपल्याला काही कळलं नाही, पण पोरीच्या ऑफिसातली माणसं आनंदी आहेत, म्हणून.

"काय झालं गं?" तिने मला विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. 'काय न्हाई' नाही म्हणाले. आणि मीही हसले.

सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. आपुलकीने चौकशी केली. ती बोलली की कुणीतरी ओठ चावायचं. आईने पिशवीतून लग्नातले लाडू काढून सगळ्यांना दिले. पुण्याच्या मुलाला दोन दिले, त्याने हसून स्वागत केलं होतं म्हणून.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. शेवगावची गाडी लागायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. केंद्रावरच्या वहिनी, तिच्या आवाजात लिहिलेली वाक्यं, सभागृह. एडिटरचं तिला कळलं नसावं, पण बाकीचं कळलं.

"म्हंजी मला हसली ती," आई म्हणाली.

"तुला न्हाई गं. ते... बोलन्याला."

"बोलनं माजंच हुतं ना?"

गाडी आली. गर्दीतून चढताना ती एकदा मागे वळली. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "लाडू ठीवलेत का तुला? का समदे वाटले म्या?" मी "ठेवलेत" म्हणाले. ठेवले नव्हते.

परत आल्यावर मी एडिटर उघडला आणि 'गावठी' खोडून तिथे 'घरची' असं लिहिलं. सगळ्या फाइलींमध्ये एका झटक्यात बदललं. दोन-तीन दिवसांनी सरांच्या लक्षात आलं. "हे नाव तू बदललंस?" मी म्हटलं, "सर, गावठी शब्द मला बरा वाटत नाही." ते म्हणाले, "बरं, असू दे." एवढंच. इतकं सोपं होतं ते. इतके दिवस मी का गप्प बसले होते, या प्रश्नाने मला जास्तच खजील केलं. पुण्याच्या मुलाने त्या दिवसापासून थट्टा बंद केली. त्याला बहुधा सरांनी काही सांगितलं असावं. त्याने माझी माफी मागितली नाही, आणि मागायला हवी होती ती माझी नव्हती.

पुढे एकदा ऑफिसचा फोन वाजला. त्या मुलाने उचलला, अदबीने बोलला आणि माझ्याकडे रिसीव्हर देत म्हणाला, "तुझा फोन आहे. कुणीतरी मॅडम आहेत."

मी कानाला लावला.

"नमस्कार," पलीकडून आवाज आला. सावकाश, एकेक शब्द तोलून. "मी तुझी आई बोलत आहे. तू कामात आहेस का?"

आमच्या गावात तेव्हा दुकानातच एसटीडी होता. मागे लोक उभे असणार. आणि ती 'आहे' म्हणत होती. अंगणवाडीच्या बाईंसारखं, मुलांना गोष्ट सांगताना बोलतात तसं. 'ण' मात्र तिला जमत नव्हता. "मी पुढच्या आठवड्यात येनार नाही. वडिलांना बरं नाही. काळजीचं कारन नाही."

मला म्हणायचं होतं, आये, आसं नको बोलूस. पण मुलगा समोर बसला होता. टायपिंगवाली कान देऊन होती. "हो," मी म्हणाले. "मी रविवारी येते."

"ठीक आहे. ठेवते," आई म्हणाली.

रविवारी मी गावाला गेले. वडिलांचा ताप उतरला होता, ते अंगणात खाटेवर बसले होते. आई चुलीपुढे होती. मला बघून नेहमीसारखं म्हणाली, "आलीस? पाय धुऊन घे आदी." सगळं पूर्ववत. मी पाय धुऊन तिच्याजवळ बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलं, "आये, फोनवर तसं का बोललीस?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"तितं तसंच बोलत्यात ना," ती म्हणाली. "तुला खाली बगाया लागू नये."

मग तिने भाकरी माझ्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली. मी जेवत राहिले. त्यानंतर ती हयात असेपर्यंत ऑफिसात फोन करायची तेव्हा तशीच बोलायची, आणि मी कुठल्याच ऑफिसात तिला थांबवू शकले नाही.